टिकारामची पाठ आणि बैठकीची भिंत

भिलाईच्या रिसालीत टिकाराम रामटेकेच्या घरी पहिल्यांदाच गेलेला माणूस बैठकीत बसतो, पाणी पितो, बाबासाहेबांच्या तसबिरीला हात जोडतो आणि मग त्याची नजर समोरच्या भिंतीवर अडकते. भिंत पिस्ता रंगाची. तिच्या मधोमध, उभ्या माणसाच्या पाठीच्या उंचीवर, एखाद्या खिडकीएवढा चकचकीत तेलकट डाग. पाहुणा डागाकडे बघतो, मग टिकारामच्या बायकोकडे, कांताकडे बघतो. कांता म्हणते, "ते आमच्या ह्यांचं काम हाय," आणि चहा ठेवायला आत जाते.

दरवर्षी भीमजयंतीच्या आधी ती ही भिंत रंगवून घ्यायची आणि मे महिना लागेपर्यंत डाग परत हजर व्हायचा. रंगाऱ्यालाही सवय झाली होती. ब्रश हातात घेऊन तो विचारायचा, "चाची, पूरी दीवार करूँ, कि चाचा का हिस्सा छोड़ दूँ?" यावर कांता त्याला जे बोलायची ते इथं लिहिण्यासारखं नाही.

टिकाराम पोलादाच्या प्लांटमध्ये रोलिंग मिलला फिटर होता. निवृत्त झाला, क्वार्टर सोडलं, रिसालीत घर बांधलं. इथवर त्याची गोष्ट भिलाईतल्या कुणाही माणसासारखीच आहे. पण नोकरीत असल्यापासून तो पंचशील क्रीडा मंडळाच्या कबड्डी संघाचा मालिशवालाही होता, आणि तो काही हौशी मालिशवाला नव्हता. चढाईवरून लंगडत आलेल्या पोराच्या पोटरीत गोळा आला असेल तर तो आधी पायाचा पंजा धरून वर ताणायचा, मग कोमट जवसाचं तेल घेऊन घोट्याकडून गुडघ्याकडे हलका हात फिरवायचा आणि गोळा सैल झाल्यावरच अंगठा वापरायचा. ताज्या मारावर मात्र तो बोट ठेवायचा नाही. तिथं बर्फ. पोरं म्हणायची, काकाचा हात लागला की पाय उसना आणल्यासारखा नवा वाटतो.

मिलमधली एक सवय मात्र त्यानं जशीच्या तशी मैदानावर आणली होती. मिलमध्ये मशीनला हात लावण्याआधी ती बंद करून घ्यायची, लाल पाटी टांगायची आणि समोरच्यानं मोठ्यानं "शटडाउन" म्हटल्याशिवाय पाना उचलायचा नाही. टिकारामनं हाच कायदा माणसांना लावला. खेळाडू पालथा पडला की हा तेलाचे हात वर धरून विचारायचा, "शटडाउन?" पोरगं म्हणायचं, "शटडाउन." मगच हात खाली. एकदा जामुलच्या संघातून आलेलं एक नवं पोरगं "हो हो काका, लावा" म्हणालं. ते काही शटडाउन झालं नाही. टिकाराम हात वर धरून उभा, पोरगं पालथं पडलेलं, आणि त्या दोघांच्या देखत सामना संपून गेला.

लोकांना वाटायचं, प्लांटची शिस्त माणसाच्या हाडात मुरली आहे. खरं कारण वेगळं होतं आणि ते टिकाराम जीव गेला तरी सांगणार नव्हता. त्याला गुदगुल्या व्हायच्या.

तुम्हाला आम्हाला होतात तशा नाहीत. दुसऱ्याचा हात अंगाजवळ येतोय एवढं दिसलं तरी त्याच्या बरगड्या आपापसात कुजबुजायला लागायच्या. शिंप्याकडे तो स्वतःच टेप लावून मापं सांगायचा. प्लांटच्या वार्षिक तपासणीत डॉक्टरनं पोट दाबायला हात पुढे केला की हा घाईघाईनं म्हणायचा, "सब नरम है, साहेब, मैंने देख लिया." निवृत्तीच्या समारंभात तर कमाल झाली. साहेब हार घेऊन पुढे आले, ह्यानं तो हातातून काढून घेतला आणि स्वतःच्या गळ्यात स्वतःच घातला. शालही स्वतःच पांघरली. गळाभेट घ्यायला मित्र सरसावले तेव्हा तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि एकेकाशी हात मिळवत राहिला. सगळे म्हणाले, किती साधा माणूस!

पण साध्या माणसालाही पाठ असते आणि ती दुखते. दुसऱ्यांची अंगं रगडणाऱ्याची तर जास्तच दुखते. म्हणून टिकारामनं आपली मालिश आपणच करायची विद्या वाढवली, आणि कुठल्या कुठे नेली. मोज्यात चेंडू घालायचा, मोजा खांद्यावरून पाठीमागे सोडायचा, चेंडू मणक्यावर येऊ न देता त्याच्या बाजूच्या मांसावर घ्यायचा आणि भिंतीला टेकून गुडघ्यातून वरखाली व्हायचं. मांडीला लाटणं. तळपायाखाली थंड पाण्याची बाटली. कोपराच्या शिरेला टेबलाचा काठ. कांताचं लाटणं आठवड्यातून एकदा तरी हरवायचं आणि ते कुठं सापडेल हे तिला पाठ झालं होतं.

पाहुणे आले तरी हा कार्यक्रम थांबत नसे. मुलीला, दीक्षाला बघायला नागपूरहून मंडळी आली तेव्हा हा गृहस्थ भिंतीवर वरखाली होत होतच बोलत होता. मुलाचं शिक्षण वर जाताना विचारलं, पगार खाली येताना. कांताला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मुलाचे वडील बराच वेळ बघत राहिले, मग उठले, दाराच्या दुसऱ्या बाजूची भिंत गाठली आणि हळूच टेकून बघितलं. दोघं वरखाली होत बोलले आणि लग्न ठरलं. आता नागपूरच्या त्या घरीही तसाच एक डाग आहे असं दीक्षा फोनवर सांगते, आणि कांता म्हणते, मले नको सांगू.

असं सगळं सुखात चाललं असताना भीमजयंतीच्या कबड्डी स्पर्धेच्या समितीनं नवा नियम काढला. यापुढे मॅटच्या कडेला, संघाच्या बाकावर, फक्त कार्डवाला ट्रेनर बसेल. कार्ड मिळणार दुर्गला, ट्रेनर लोकांच्या तीन दिवसांच्या मालिश शिबिरात.

संघाचा प्रशिक्षक भूपेंद्र साहू ही बातमी घेऊन घरी आला. टिकाराम भिंतीवर वर जात होता, तो तिथंच थांबला. त्या बाकाच्या डाव्या टोकावर तो इतकी वर्षं बसत आला होता की तिथली फळी त्याच्या बसण्याची झाली होती. प्लांटनं निरोप दिला, क्वार्टर गेलं, मुलगी सासरी गेली. बाक तेवढा उरला होता. तो गेला तर आपण गर्दीत शेंगदाणे खात बसणार.

"टेंशन मत लो भैया," भूपेंद्र म्हणाला. "आपको तो वहाँ सिखाने बुलाना चाहिए."

पहिल्या दिवशी भूपेंद्रचं म्हणणं खरंच ठरलं. शिबिर घेणारी ऐश्वर्या मॅडम म्हणजे तरुण, चटपटीत फिजिओथेरपिस्ट. घर नागपूरचं, नोकरी रायपूरला. ती म्हणाली, ट्रेनर दुसऱ्यांची शरीरं सांभाळता सांभाळता स्वतःचे अंगठे आणि कंबर मोडून घेतो, म्हणून आधी स्वतःची मालिश. तिनं भिंतीवर चेंडू धरून दाखवला. टिकारामनं खिशातून मोजा काढला. मग लाटणं काढलं. दुपारपर्यंत हॉलच्या चारही भिंतींवर गावोगावचे ट्रेनर वरखाली होत होते आणि टिकाराम मधे उभा राहून ओरडत होता, "हड्डी पे नई! बाजू के मांस पे! घुटना ढीला!" मॅडमनं स्वतः टाळ्या वाजवल्या. तो घरी आला तो छाती काढूनच.

दुसऱ्या दिवशी मॅडमनं जोड्या लावल्या. म्हणाली, "ज्याला मालिश घेता येत नाही, त्याला देता येत नाही. दोन्हीची परीक्षा आहे. पाठीवर हात असताना अंग सैल पाहिजे, हलायचं नाही, हसायचं नाही." शेवटचे दोन शब्द तिनं सहज गमतीनं जोडले होते. टिकारामला वाटलं, मॅडमला कुणीतरी सांगितलं.

त्याच्या वाट्याला आला उतईच्या संघाचा ओमप्रकाश. जुना पहिलवान, मान नावाचा अवयव नाही, आणि आपल्या हाताचा भारी अभिमान. टिकारामनं त्याची मालिश केली, ती उत्तम झाली. मग पाळी फिरली. टिकाराम टेबलावर पालथा पडला, डोळे मिटले, दात आवळले. त्रिशरण मनात म्हणून झालं. ओमप्रकाशचा हात पाठीवर टेकला.

जे निघालं त्याला हसणं म्हणायचं तर म्हणा. पहिल्यांदा प्रेशर कुकरची शिटी उडावी तसा आवाज झाला. मग टेबल हललं, मग टिकाराम टेबलावरून खाली गेला, खाली जाताना त्याचा पाय तेलाच्या बाटलीला लागला, तेल सांडलं, आणि उठायला गेला की घसरायचा, घसरला की हसायचा. दुसऱ्या टेबलांवरचेही हसायला लागले. एक जण तर कारण न कळता रडेपर्यंत हसला.

ओमप्रकाश तेवढा हसला नाही. तो आपल्या हाताकडे बघत उभा होता. "मोर हाथ म हाँसे के का बात हे?" त्यानं विचारलं. आपल्या हातात हसण्यासारखं आहे काय, हे कुणीच सांगेना. तो बिचारा जेवलाही नाही. संध्याकाळपर्यंत उतईच्या हातानं माणूस हसतो अशी बातमी दुर्गभर झाली आणि ओमप्रकाशनं मॅडमकडे मागणी केली की ह्या माणसाची परीक्षा उद्या परत घ्या, माझ्या डोळ्यांदेखत घ्या, आणि हसला तर कार्ड देऊ नका.

मॅडमनं टिकारामला बाजूला घेतलं. "काका, गुदगुल्या होतात ना?"

टिकारामनं मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तो शब्द त्याच्या तोंडावर उच्चारला होता.

"अहो, लाजता काय? आपल्या हाताची आपल्याला गुदगुली होत नाही, म्हणून तुम्हाला स्वतःची मालिश जमते. तीच युक्ती इथं लावा. समोरच्याच्या हातावर आपला हात ठेवा. अंगाला वाटतं, आपलाच हात आहे. उद्या तुमच्या ओळखीच्या कुणालाही आणा. घरचं माणूस असेल तर चांगलंच."

घरचं माणूस म्हणजे कांता. आणि कांताला हे सांगायचं म्हणजे! बसमधून उतरून टिकाराम सरळ घरी गेला नाही. चौकात पाणीपुरीच्या गाडीवर उभा राहून त्यानं नको असलेला गुपचुप खाल्ला, मग दुसरा खाल्ला, मग गेला.

कांता कणीक मळत होती.

"कांता, एक काम होतं."

"भिंत सोडून काही बी सांगा."

"माह्या पाठीवर हात ठेवा लागते तुले."

तिचा हात परातीत थांबला. "कावून?"

मग त्यानं सगळं सांगितलं. ओमप्रकाश, टेबल, तेल, आणि शेवटी ते मुख्य. "मले गुदगुल्या होतेत. पहिलेपासून. कोणाचाबी हात लागला का होतेत."

कांता आधी फसकन हसली. मग तिचं हसू जिथल्या तिथं विरलं आणि ती पाटावर बसून राहिली.

"मंग मले कावून नाई सांगतलं?" ती म्हणाली. "साऱ्या भिलाईचे पाय दाबता तुमी. अन् मी तेल गरम करून आणलं का तुमी निंबाच्या झाडाले पाठ घासाले पळत. मले वाटे, माह्या हाताची किळस येते ह्या माणसाले. त्या झाडाचा मी किती राग केला, तुमाले काय मालूम!"

टिकारामला ते झाड आठवलं. क्वार्टरच्या मागे होतं. एके वर्षी कांतानं माणूस बोलावून ते बुंध्यापर्यंत छाटून टाकलं होतं आणि सावली कावून घालवली म्हणून तो तिच्यावर चिडला होता. आता त्याला त्याचं वाईट वाटलं.

"प्लांटमधी समजलं असतं त लोकायनं जगू नसतं देल्लं," तो म्हणाला.

"मी प्लांट हाव काय जी?" कांता म्हणाली.

कांतानं हात धुतले, तेल घेतलं आणि दिवाणाकडे बोट दाखवलं.

युक्ती अर्धी चालली. कांताचा हात मानेवर, त्यावर टिकारामचा हात, दोन्ही हात मिळून खांद्यावर उतरले आणि काही झालं नाही. कंबरेकडून वर चढायलाही हात मागून पोचत होता. तेही ठीक. पण खांद्यांमागच्या दोन खवाट्यांच्या मधे एक तळहाताएवढी जागा राहत होती. तिथं टिकारामचा हात वरूनही पोचत नव्हता आणि खालूनही. तीच जागा. भिंतीवरचा डाग ह्याच जागेनं पाडला होता. तिथं कांताचा हात एकटा पडायचा, आणि एकटा पडला की कुकरची शिटी. टिकारामच्या लाथेनं स्टूल गेलं, उशी पंख्याला लागली. शेजारच्या अन्नपूर्णाबाई धावत आल्या आणि दारातूनच विचारू लागल्या की दीक्षाकडून काही गोड बातमी आली का. कांतालाही मग हसू आवरेना. दोघं दिवाणावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि हसून झाल्यावर टिकाराम म्हणाला, "बाक गेला आपला."

दुसऱ्या दिवशी कांता दुर्गला गेली ती ठेवणीतली साडी नेसून आणि घरच्या तेलाची बाटली घेऊन. हॉल भरला होता. समोर खुर्ची टाकून ओमप्रकाश बसला होता, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून, पुरावा मांडावा तसे. भूपेंद्र दाराशी उभा राहून आपल्या सगळ्या देवांना एकेक करून बोलावत होता.

टिकाराम पालथा पडला. कांताचा हात मानेवर आला, त्यावर त्याचा हात. खांदे झाले. मग कंबर, मग वर. दोन हात त्या जागेच्या काठाशी आले आणि टिकारामचा हात मागे राहिला. त्याच्या बरगड्यांनी कुजबूज सुरू केली. संपलं, त्याला वाटलं.

पण कांताचा हात पाठीवर पडलाच नाही. तो हवेत थांबला होता. इतकी वर्षं ती मैदानाच्या कडेला डबा घेऊन बसत आली होती. नवऱ्याचं काम तिनं दुरून बघितलं होतं, आणि ते विसरण्यासारखं नव्हतं. ती वाकली आणि त्याच्या कानाशी म्हणाली,

"शटडाउन?"

हा प्रश्न टिकारामनं अख्ख्या भिलाईला विचारला होता. त्याला तो कधी कुणी विचारला नव्हता. शिंप्यानं नाही, डॉक्टरनं नाही, आईनंही नाही. त्याच्या अंगात काहीतरी, इतकी वर्षं फिरत असलेलं, हळूहळू मंद होत गेलं.

"शटडाउन," तो म्हणाला. आवाज फार बारीक निघाला म्हणून पुन्हा एकदा म्हणाला.

हात उतरला. कोमट, जरा खरखरीत, एका बोटावर विळीचा जुना वण. टिकाराम गुदगुल्यांची वाट बघत राहिला. त्या आल्या नाहीत. हात त्या जागेवर गोल फिरला, थांबला, परत फिरला, आणि टिकाराम रामटेके सगळ्या जिल्ह्याच्या ट्रेनर लोकांसमोर धाय मोकलून रडायला लागला.

हॉलमध्ये गोंधळ उडाला. भूपेंद्र पुढे धावला. "मैडम, रोना अलाउड है क्या?"

मॅडमनं आपलेच शब्द आठवून बघितले. हलायचं नाही, हसायचं नाही. रडण्याबद्दल ती काही बोलली नव्हती. निर्णय काय द्यायचा हे ठरत नव्हतं. तेवढ्यात ओमप्रकाश खुर्चीवरून उठला, टेबलापाशी आला, कांताच्या हाताकडे निरखून बघितलं आणि दोन्ही हात जोडून तिला नमस्कार केला. "देवव मैडम, कारड देवव," तो म्हणाला. "मालिस अइसने होना चाही." त्याचेही डोळे भरले होते. उतईच्या संघात हल्ली मालिश घेताना जो खेळाडू रडत नाही त्याला ओमप्रकाश परत झोपवतो, असं ऐकतो. खरंखोटं त्यांनाच ठाऊक.

कार्ड मिळालं. टिकाराम ते गळ्यात घालून बाकाच्या डाव्या टोकावर बसला. त्या वर्षी पंचशील पहिल्याच फेरीत जामुलकडून सपाटून हरलं, पण ती गोष्ट टिकारामजवळ काढाल तर तो कार्ड पुढे करून दाखवतो.

पुढच्या वर्षी भीमजयंती जवळ आली तसा रंगारी न बोलावता आला. सवयीनं बैठकीत शिरला, बादली खाली ठेवली आणि भिंतीकडे बघून थबकला. भिंत पिस्ता, वरपासून खालपर्यंत एकसारखी, गेल्या वर्षी दिलेल्या रंगाची. त्यानं जवळ जाऊन हात फिरवला. मग डोक्यावरची टोपी काढली.

"चाची," तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "चाचा... ठीक तो थे ना? कब हुआ?"

कांता आतल्या खोलीच्या दारात आली. तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत तेलानं चमकत होते.

"अंदर लेटे हैं," ती म्हणाली. "बैठो जरा, मेरा हाथ अभी खाली नहीं है."